कंदीलवाल्याची पोती

चहा तो आधी वडिलांना पाजायचा, मग स्वतःचा गार झालेला प्यायचा. गरम करून घ्यायचा नाही.

दुकानाचं शटर कधीच पूर्ण खाली ओढायचा नाही. वीतभर उघडं ठेवायचा.

रस्त्यावर गेला तर समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत. तिथून आतल्या, वडिलांच्या खाटेचं पायथ्याचं टोक दिसायचं. त्याच्या पुढं काही आणायचं असलं की कुणाला तरी हाक मारायचा.

दर शुक्रवारी खोक्यातून बूट काढून पुसायचा. नवे कोरे बूट. पुसून परत खोक्यात ठेवायचा.

आणि "अभी आया" म्हणायचा. कुठं जायचं नसलं तरी. मिक्सर उघडताना, पेचकस शोधताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, आतल्या खोलीकडं तोंड करून मधूनच म्हणायचा, "आब्बा, अभी आया."

अमानच्या या सवयी शिवमला पाठ होत्या. भोकरच्या बस स्टँडमागं अमानचं दुकान होतं, मिक्सर, इस्त्री, रिमोट दुरुस्तीचं. शिवम नांदेडहून मराठीत एम. ए. करून परत आला होता आणि एका खाजगी क्लासवर शिकवत होता. क्लास सुटला की तो अमानकडं येऊन बसायचा. लहानपणापासूनची मैत्री. आणि त्या मैत्रीच्या मुळाशी एक इंग्रजी सिनेमा होता.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं. भोकरात त्याला सगळे 'कंदीलवाला' म्हणायचे. ते नाव अमानच्या वडिलांनी, मकसूदचाचांनी ठेवलं होतं.

मकसूदचाचांचं तेव्हा व्हिडिओ सेंटर होतं. पत्र्याचं शेड, खाली सतरंज्या, समोर टीव्ही. इंग्रजी सिनेमा लावला की कुणाला कळायचं नाही, म्हणून चाचा टीव्हीच्या बाजूला छडी घेऊन उभे राहायचे आणि समजावून सांगायचे. दखनीत सुरू व्हायचे, मध्येच मराठीत यायचे. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं. पण अडायचं नाही. तोंड हललं की चाचा बोलायचे. हदगावकडची, किनवटकडची बाजाराला आलेली माणसं बस चुकवून बसायची. सिनेमापेक्षा चाचा बरे, असं म्हणायची.

'कंदीलवाला' अंतराळातला होता. एका निर्जन ग्रहाभोवती एक जुनं ठाणं फिरतंय. त्यात एकच माणूस. येणाऱ्या जाणाऱ्या यानांना वाट दिसावी म्हणून तो एक मोठा दिवा सांभाळतो. दिवा बिघडतो, तो दुरुस्त करतो. यानं येतात, दुरून निघून जातात. तो जात नाही. एवढाच सिनेमा. पण चाचा तो असा सांगायचे की पत्र्याखाली घामानं भिजलेली माणसं गप्प व्हायची.

पोरांनी एकदा विचारलं होतं, हा घरी का जात नाही? सिनेमात त्याचं उत्तर नव्हतं. चाचांनी लगेच दिलं. म्हणाले, याच्या आधीची गोष्ट आहे ती. एक म्हातारा कप्तान होता. त्यानं याला लहानाचं मोठं केलं. जाताना म्हणाला, मी परत येईपर्यंत दिवा विझू देऊ नको. यानं शब्द दिला. कप्तान आला नाही. म्हणून हा थांबलाय.

मग हदगावच्या एका माणसानं विचारलं, बरोबर हाय, पण खातो काय? ठाण्याच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीनं झाकलेला मोठा ढीग दिसायचा. सिनेमाभर दिसायचा, पण कुणी उघडायचं नाही. चाचांनी छडी त्यावर टेकवली. "ज्वारीची पोती. कप्तान ठेवून गेला." माणसाचं समाधान झालं. त्यानं फक्त एवढंच विचारलं की मिठाचं काय. चाचा म्हणाले, मीठ पोत्यांच्या मागं हाय, म्हणून तुला दिसून न्हाई राहिलं.

भोकरातल्या सगळ्यांसाठी ती ज्वारीची पोती होती. शिवम पुढं शिकला, इंग्रजी समजायला लागलं. इंटरनेटवर त्या सिनेमाचे जगभरचे वेडे काय काय लिहितात ते वाचायला लागला. त्यांच्यात त्या ताडपत्रीवरून वर्षानुवर्षं वाद चालला होता. कुणी म्हणायचं, तिथं इंधन आहे. कुणी म्हणायचं, प्रेत आहे. एक गट म्हणायचा, एका माणसापुरतं छोटं यान आहे. शिवम ते अमानला वाचून दाखवायचा. दोघं हसून लोटपोट व्हायचे.

"येडे हायत," अमान म्हणायचा. "सरळ पोती हायत ती."

चार वर्षांपूर्वी मकसूदचाचांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. ज्या माणसाच्या बोलण्यासाठी लोक बस चुकवायचे त्याच्या तोंडून शब्द निघेना. अमानला तेव्हा हैदराबादला काम लागलं होतं, थिएटरातली पडद्यावर चित्र टाकायची यंत्रं बसवणाऱ्या माणसाकडं. बूट त्यासाठीच घेतले होते. ते राहिलं. आई आधीच गेली होती. बहीण शबाना लातूरला सासरी. ती म्हणाली होती, आब्बांना माझ्याकडं आण, खोली आहे, दवाखाना जवळ आहे. अमान म्हणाला, आब्बांना परक्या घरी झोप येत नाही. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, त्यांना लातूरचं पाणी मानवत नाही. पुढं ती विचारायची आणि तो नवं काहीतरी सांगायचा. शिवमला ते सगळं खरं वाटायचं. अमान सांगायचाच तसं.

आता दर शुक्रवारी दुपारी अमान वडिलांना 'कंदीलवाला' लावून दाखवायचा. खाट लोखंडी. उशाला दोन लोड. टीव्हीच्या बाजूला अमान स्वतः उभा राहायचा, आणि वडिलांचे शब्द वडिलांना ऐकवायचा. एकही शब्द इकडचा तिकडं चालायचा नाही. चाचांच्या डाव्या हातात चांदीची अंगठी होती, अकीकच्या खड्याची. पूर्वी उजव्या हातात असायची, ती अमाननं बदलून घातली होती. अमान चुकला की चाचा अंगठी खाटेच्या दांडीवर आपटायचे. टण्. म्हणजे, चूक. परत सांग. अमान मागं जाऊन परत सांगायचा. शिवम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघायचा. साहित्याच्या वर्गात त्याला पाठांतरावर बरंच शिकवलं होतं. असं पाठांतर त्यानं कुठं पाहिलं नव्हतं.

आणि मग बातमी आली, की 'कंदीलवाल्या'च्या आधीची गोष्ट सिनेमात येणार.

अमानला खरं वाटेना. त्यानं शिवमकडून ती बातमी पुन्हा पुन्हा वाचून घेतली. मग आत जाऊन वडिलांच्या कानाशी बसला. "आब्बा, पहले का किस्सा बनाए उनो. तुमारा वाला." चाचा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. अंगठी वाजली नाही.

सिनेमा नांदेडला लागला. शिवम गेला. दगडोबा गेला. दगडोबा एस. टी. त कंडक्टर होता, भोकर-नांदेड गाडीवर. त्या पत्र्याखालच्या सतरंजीवर वाढलेला जुना भिडू. अमान गेला नाही. जायला यायला सगळा दिवस मोडतो. वडिलांना तेवढा वेळ सोडता येत नाही. शिवम म्हणाला होता, मी बसतो चाचांजवळ. अमान म्हणाला, तुझ्या हातून ते जेवत न्हाईत. तेही शिवमला खरं वाटलं होतं.

निघण्याआधी अमाननं दोघांना कुराणावर हात ठेवायला लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. घरी बघायला मिळेपर्यंत एक अक्षर सांगायचं नाही. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही.

नांदेडहून परत येताना मुदखेडच्या पुढं दगडोबा एकदाच म्हणाला, "आपण कशाला पोती समजून बसलो गड्या?" आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मग वाट बघणं सुरू झालं. कंपनीनं जाहीर केलं होतं की सिनेमा घरी बघण्यासाठी ॲपवर येईल आणि त्याच दिवशी त्याची तबकडीही निघेल. अमानला तबकडी हवी होती. ॲपवर मध्येच चित्र अडकतं, आणि वडिलांना तबकडीच ओळखीची. शिवाय तबकडी थांबवता येते. अमाननं चार वर्षांत एकही सिनेमा सलग पाहिला नव्हता. लघवीचं भांडं, औषध, कूस बदलणं. थांबवता येणं हीच त्याची चैन होती.

तारीख दोनदा पुढं गेली. जगभरची वेडी माणसं कंपनीला शिव्या घालत होती. त्यांची कारणं वेगळी होती. वेष्टनावर चित्र कुठलं, वगळलेले प्रसंग असतील की नाही. शिवम ते वाचून दाखवायचा. अमान शांतपणे ऐकायचा आणि वडिलांचा जुना प्लेयर उघडून त्याची काच पुसायचा. दगडोबा गाडी लावून चहाला यायचा आणि टोमणा मारायचा.

"का रे, नवरदेवाची गाडी आली का न्हाई?"

"येऊन राहिली."

"तू म्हातारा होऊन राहिला."

"कंदीलवालाबी झालता," अमान म्हणायचा.

मग दगडोबा शिवमकडं बघायचा नाही. शिवम दगडोबाकडं बघायचा नाही.

शिवमला माहीत होतं. पडद्यावर काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. अमान वडिलांना नवा सिनेमा वडिलांच्याच गोष्टीत सांगणार होता, ते अमाननं मनाशी जुळवून ठेवलं होतं. म्हातारा कप्तान कुठं येईल, शब्द कुठं दिला जाईल. सगळं चाचा म्हणाले तसंच निघेल, एवढी त्याची खात्री होती. तसं निघालं की ही चार वर्षंही बरोबर ठरणार होती. तो असं बोलला नव्हता. पण बूट पुसताना त्याचा चेहरा शिवमनं पाहिला होता.

हैदराबादहून कुरियर आलं तो शुक्रवार होता. दुपारची नमाज झाली होती. अमाननं वडिलांना भरवलं, तोंड पुसलं, लोड नीट केले. शटर खाली ओढलं, वीतभर ठेवून. तबकडी सरकवली. टीव्हीच्या बाजूला उभा राहिला.

"देखो आब्बा," तो म्हणाला. "पहले का किस्सा."

सुरुवात जमली. ठाणं नवंकोरं होतं. माणसं होती, हसत होती. कंदीलवाला कोवळा होता. पडद्यावर एक वयस्क बाई हुकूम देत होती, तर अमान एका दमात म्हणाला की ही कप्तानाची बायको, कप्तान आत झोपलाय. शिवमला हसू आलं. चाचांच्याही डोळ्यांत काही तरी हललं असं त्याला वाटलं. अंगठी गप्प होती. पुढं माणसं एकेक करून निघून गेली. अमान त्यांची कारणं सांगत गेला. याच्या बहिणीचं लग्न. त्याचं सोयाबीन काढणीला आलंय. तो भाग त्याला सुरेख साधला. वडिलांचाच आवाज त्याच्या गळ्यात उतरला होता.

मग ठाण्यात कंदीलवाला एकटा राहिला. कॅमेरा हळूहळू कोपऱ्याकडं गेला. ताडपत्री दिसली.

अमान छडीऐवजी पेचकस घेऊन उभा होता. तो त्यानं पडद्यावर टेकवला.

"और ये ज्वारी के बोरे. कप्तान रख के गया."

टण्.

अमान थांबला. वडिलांकडं बघितलं. त्याला वाटलं, शब्द चुकला. मागं घेऊन परत सांगितलं, या वेळी मराठीत, चाचा सांगायचे तसं. "ज्वारीची पोती. कप्तान ठेवून गेला."

टण्.

पडद्यावर कंदीलवाल्यानं ताडपत्रीचं टोक धरलं. ओढलं. खाली छोटं यान होतं. एका माणसाचं. त्याच्या काचेवर दिव्याचा उजेड पडला होता. ते भरलेलं होतं, चालू होण्यासारखं होतं. कंदीलवाला त्याच्याकडं नुसता बघत उभा होता. शिवमला पुढचं माहीत होतं. कंदीलवाला ताडपत्री परत टाकणार होता.

अमाननं ते होऊ दिलं नाही. रिमोटचं बटण दाबलं. ताडपत्री अर्धी वर राहिली.

बाहेर स्टँडवर गाडीची घोषणा झाली. अमान खाटेजवळ गेला, खाली बसला. त्यानं हळू आवाजात विचारलं, "तुमकू मालूम था?"

चाचा पडद्याकडं बघत होते. हात दांडीवर होता. अंगठी वाजली नाही. त्या घरात अंगठी न वाजणं म्हणजे बरोबर.

अमान उठला. वडिलांना पाणी पाजलं. कूस बदलली. चादर ओढली. मग कोपऱ्यातलं खोकं काढलं, बूट घातले. चार वर्षं पुसलेले बूट पायात जाताना करकरले. शटर वर केलं, पूर्ण.

"जरा बस," तो शिवमला म्हणाला. "बाकीचं आल्यावर."

तो लिंबाच्या झाडापर्यंत गेला. तिथं थांबला. शिवम दारातून बघत होता. अमान मागं वळला, खाटेचं टोक दिसतंय का ते बघितल्यासारखं केलं. मग पुढं गेला.

"अभी आया" तो म्हणाला नव्हता. ते शिवमच्या नंतर लक्षात आलं.

काही वेळानं दगडोबाचा फोन आला. मागं इंजिनाचा आवाज.

"अबे, अमान माझ्या गाडीत हाय."

शिवमनं दारातून लिंबाच्या झाडाकडं बघितलं.

"बूट घालून बसलाय. कुठं म्हणलं तर नांदेड. नांदेडला कशाला म्हणलं तर म्हणे पुढं. चाचांजवळ कोन हाय?"

"मी हाय."

"मग काय करू? उतरवू का फाट्यावर? तू म्हनशील तर हात धरून माघारी आनतो."

शिवमनं आत बघितलं. चाचा त्याच्याकडंच बघत होते. फोनचा आवाज मोठा होता. त्यांना सगळं ऐकू येत होतं. शिवम उत्तराची वाट बघत त्यांच्या हाताकडं बघत राहिला. बोटं दांडीवर पसरलेली होती. खडा चमकत होता.

अंगठी वाजली नाही.

"न्हाई," शिवम म्हणाला. "तिकीट दे त्याला."

दगडोबानं फोन ठेवला.

संध्याकाळी शिवमनं चाचांना खिचडी भरवली. ते जेवले. सगळी वाटी संपवली.

शबाना दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरहून आली. अमाननं तिला स्टँडवरूनच फोन केला होता. तीन शब्द. आब्बांना घेऊन जा. शिवमनं मनात तिच्या रागाची तयारी ठेवली होती. अमानची बाजू कशी मांडायची ते ठरवलं होतं. ती रागावली नाही. ओट्यावर बसून तिनं चहा घेतला.

"मी कवाची म्हणून राहिले," ती म्हणाली. "खोली रिकामीच हाय. त्यानंच कधी जाऊ दिलं न्हाई."

तिनं घरभर नजर फिरवली. उघड्या मिक्सरवर, रिमोटच्या ढिगावर. "त्याला वाटायचं, आब्बाला तो लागतो."

टेम्पो आला. चाचा लोखंडी खाट सोडायला तयार होईनात, म्हणून खाटही चढवली. प्लेयरही. गिऱ्हाइकांच्या वस्तू शिवमनं आणि दगडोबानं नावं विचारून विचारून परत केल्या. दुकानाचं शटर शिवमनं खाली ओढलं. सवयीनं वीतभर ठेवणार होता. मग पूर्ण ओढलं.

अमानचा फोन हैदराबादहून येतो. तो चित्र टाकायची यंत्रं बसवतो. अंधाऱ्या थिएटरांत, रिकाम्या खुर्च्यांसमोर. आब्बा जेवले का विचारतो. झोपले का विचारतो. झोपतात, शबाना सांगते, चांगले झोपतात. पाणीही मानवलं. सिनेमाबद्दल त्यानं अजून कुणाला विचारलं नाही. उरलेला पाहिला का, हेही सांगत नाही. शिवमनं एकदा विषय काढला तर म्हणाला, बाकीचं आल्यावर.

गेल्या शुक्रवारी शिवम लातूरला गेला. शबानानं प्लेयर टीव्हीला जोडून ठेवला होता. ती म्हणाली, आब्बा रोज त्याच्याकडं बोट करतात, टीव्ही लावला की मात्र चित्र पुढं सरकायच्या आधीच माझ्याकडं बघतात, मला कुठं येतं सांगायला, तसाच बंद करते. तबकडी आतच होती. प्लेयर जुना असला तरी विसरत नाही. चालू केल्याबरोबर सिनेमा अमाननं थांबवला होता तिथंच आला. ताडपत्री अर्धी वर.

शिवम टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला इंग्रजी येत होतं. सिनेमा त्यानं पाहिलेला होता. चाचांचे शब्द ऐकून ऐकून पाठ झाले होते.

"मग कंदीलवाल्यानं ताडपत्री काढली," तो म्हणाला.

टण्.

त्यानं दखनीत सांगून बघितलं.

टण्.

"ते यान होतं," तो म्हणाला. "आधीपासून होतं."

या वेळी अंगठी वाजली नाही. चाचा पुढचं ऐकायला थांबले. पडद्यावर कंदीलवाला ताडपत्रीचं टोक धरून उभा होता, बसावं की झाकावं असा. शिवमनं पुढं सांगायला तोंड उघडलं. चाचांनी मान किंचित वळवली, त्याच्या पलीकडं, दाराकडं, कुणी यायचं असल्यासारखी, आणि अंगठी दांडीवर टेकवून ठेवली.